उजव्या खांद्याची उशी

आर्देव्हील,
फेब्रुवारी अखेर

प्रिय थिएरी,

पुडकं आधी उघडू नकोस. नाताळच्या खोक्यांची दोरी दातांनी तोडणारा तू, तुला हे सांगून उपयोग नाही हे ठाऊक आहे, पण या खेपेला एवढं ऐक. आधी पत्र वाच. मग वाटलं तर उघड, नाहीतर तसंच परत पाठव. फोनच केला असता, पण गेल्या वेळी मी ‘बाबा’ हा शब्द काढला आणि तुझ्या मार्सेयच्या घराच्या दारावर एकाएकी कोणीतरी आलं. त्याच्या आधीच्या वेळीही आलं होतं. फार लोक येतात हो तुझ्या दारावर! पत्राचं बरं असतं, त्याला मध्येच ठेवून दिलं तरी ते वाट बघत बसतं.

बाबांचं आता संपत आलंय. डॉक्टर म्हणाले, चेरीला बहर येईपर्यंत टिकतील, त्यापुढचं सांगता येत नाही. त्यांचा पलंग मी खालच्या खोलीत आणलाय, जिथे ते खोगिरं शिवायला बसत तिथेच. चामड्याचा वास अजून गेला नाही त्या खोलीचा, आणि त्या वासात ते शांत पडून असतात. मरणाची भीती म्हणशील तर काडीची नाही. आयुष्यभर गावातली प्रेतं खांद्यावरून नेलेल्या माणसाला ती कशी असेल? घोर एकाच गोष्टीचा आहे. सकाळी डोळे उघडले की म्हणतात, “एलियान, मला चाकांवर नेऊ नका.” सूप भरवताना तेच. नर्स येते तिलाही तेच. ती बिचारी परगावची, तिला वाटलं चाकाच्या खुर्चीबद्दल बोलतायत. म्हणाली, “आजोबा, चाकं चांगली असतात, बागेत फिरायला मिळेल.” बाबांनी तिच्याकडे जे पाहिलं ते तुला सांगायला नको, तू ती नजर खाल्लेली आहेस.

हे चाकांचं काय ते कळायला तुला गेल्या वर्षापासूनचं ऐकावं लागेल.

तू गेलास तेव्हाचं गाव राहिलेलं नाही, आणि म्हणायला गेलं तर तेव्हापेक्षा देखणं झालंय. लाकडी चौकटींची घरं रंगवून काढलीत, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या आहेत, धोबीघाटाचं छप्पर पुन्हा नीट केलंय. ऑगुस्तच्या खाटीकखान्यात आता साबण आणि फ्रिजला चिकटवायची चित्रं मिळतात. उन्हाळ्यात अशी गर्दी की पाव आणायला निघालं तर चार परक्यांच्या फोटोंत आपण येतोच. आणि जानेवारीत घसरून पडलं तर उठवायला माणूस नाही. चौकापासून धोबीघाटापर्यंत सगळ्या झडपा बंद, मालक पॅरिसला नाहीतर लंडनला. माझ्याकडे प्रार्थनाघराची किल्ली आहे आणि येणाऱ्यांना मी आपली शारिते, खांदेकऱ्यांची ती जुनी मंडळी, दाखवते. काचेमागचे भरजरी पट्टे, दोन हातघंटा, मशाली. पाचशे वर्षं या खांदेकऱ्यांनी गावातलं एकही प्रेत बिनखांद्याचं जाऊ दिलं नाही, मग तो सावकार असो, भिकारी असो की प्लेगनं मेलेला असो, असं मी एका दमात सांगते. लोक माना डोलावतात आणि मग शौचालय कुठे आहे ते विचारतात.

पण खांदेकरी उरलेत किती? सात होते गेल्या वसंतात. त्यांतला सगळ्यात तरुण झिल्बेर, तो सत्तरी ओलांडलेला. काम तरी कुठे राहिलंय म्हणा. लोक आता शहरातल्या इस्पितळात मरतात आणि तिथल्या तिथे जळून परत येतात, बरणीतून. बरणीला खांदा कसला द्यायचा.

अशात पर्यटन कचेरीत बेरांजेर म्हणून एक मुलगी आली. लीलकडची, उत्साही, वाईट अजिबात नाही. आली त्याच आठवड्यात तिनं शारितेचे पट्टे पाहिले आणि आजीच्या पेटीत दागिना सापडावा तशी तिची अवस्था झाली. तिनं सुचवलं, सप्टेंबरात वारसा-दिनाला आपण पाहुण्यांसाठी एक मिरवणूक काढू, घंटा, मशाली, पेटी, सगळं अगदी खऱ्यासारखं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, पेटीत कोण असेल?” ती हसून म्हणाली, “कोणी नाही!” बाबा उठून निघून गेले. रिकामी पेटी आपल्याकडे एकाच प्रसंगी उचलतात, समुद्र माणूस परत देत नाही तेव्हा, हे त्या पोरीला कुठून ठाऊक असणार.

बैठक बसली. बाबा प्रमुख, पण मत प्रत्येकाला एकच. आणि त्यांच्या विरुद्ध उभा राहिला कोण, तर ऑगुस्त! तोच, आपल्याला लहानपणी सॉसेजचं टोक कापून हातावर ठेवणारा. शारितेत तो घंटा वाजवायचा आणि बाकी वेळ सगळ्यांची टर उडवायचा. म्हणाला, “फेर्नां, बघायला लोक आले तर त्यातून चार पोरं भरती होतील. नाहीतर तुझी पाळी येईल तेव्हा तुला नेणार कोण? नगरपालिकेची कचऱ्याची गाडी?” सगळे हसले. बाबाही हसले असं झिल्बेर सांगतो, माझा विश्वास नाही. मतं पडली आणि बाबा हरले.

हरल्यावर त्यांनी एक अट घातली. पेटी उचलायची तर ती रिकामी असणार नाही. “वजनाशिवाय खांदा म्हणजे थट्टा आहे,” म्हणाले. “मेलेल्यांची थट्टा करायची तर माझा पट्टा उतरवा.” मग पेटीत काय घालायचं? वाळू नको, दगड नको. शेवटी साइडर गाळायची सफरचंदं ठरली, कारण ती या मातीतली. बाबांनी स्वतः उभं राहून पेटी भरून घेतली, एका धडधाकट पुरुषाचं वजन होईल एवढी. बेरांजेर हळूच म्हणाली होती की निम्मी भरली तरी कुणाला कळणार नाही. बाबा म्हणाले, “मला कळेल.” तू ओळखतोस त्यांना.

त्या दिवशी सकाळी एका खांदेकऱ्याचा खुबा धरला. पाऊल टाकवेना. ऑगुस्त पुढे आला, पट्ट्याखाली खांद्याला आपली उशी बांधली आणि घंटा बाबांच्या हातात दिल्या. “तूच वाजव फेर्नां, तुला नाहीतरी गावभर आवाज करायला आवडतो.” एकोणऐंशीचा होता तो, दोनदा हृदयात स्टेंट बसवलेला. मी म्हटलं, “ऑगुस्त, राहू दे ना.” तर मला म्हणतो, “पोरी, मी रोज सकाळी अर्धा बैल खांद्यावर नेणारा माणूस. सफरचंदांना भिऊ?”

चर्चपासून खाली धोबीघाटाकडे जाणारी ती उताराची गल्ली आहे ना, तिच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. बाबा सगळ्यांत पुढे, पाठमोरे, दोन्ही घंटा एका लयीत. वळणाशी ऑगुस्तचा पाय दुमडला. फार काही नाटक झालं नाही थिएरी, तो खाली बसल्यासारखा बसला. पेटी कलली, झाकण सुटलं आणि सफरचंदं गल्लीभर धावत सुटली. लोक हसले. आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हे त्यातलंच आहे, असंच असतं, नॉर्मंडीतली काहीतरी जुनी गंमत. मुलं सफरचंदं गोळा करायला धावली. मी लोकांना ढकलत ऑगुस्तपर्यंत पोचले तेव्हा एक बाई मला म्हणाली, “किती सुंदर!” त्याचा चेहरा तेव्हा राखेच्या रंगाचा झाला होता आणि माझा हात त्याच्या हातात होता, पण तो धरत नव्हता.

आणि बाबांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी टाळ्या ऐकल्या, त्यांना वाटलं मंडळींना आवडलं. ते वाजवत पुढे जात राहिले. त्यांना कळलं ते सफरचंदांनी. एक त्यांच्या पायांपाशी घरंगळत आलं, मग त्यांच्या पुढे गेलं, मग दुसरं, मग पुष्कळ. घंटा थांबल्या. मला आजही कशानं दचकायला होत असेल तर त्या थांबण्यानं.

ऑगुस्त घरी परत आला तो खरं प्रेत होऊन. आता खरा खांदा द्यायचा होता आणि द्यायला माणसं नव्हती. एकाचा खुबा, दुसऱ्याचा हर्निया, बाबा स्वतः अठ्ठ्याऐंशीचे. शहरातल्या अंत्यविधीवाल्यांची काळ्या सुटातली माणसं आली आणि त्यांनी चाकांचा गाडा आणला. शारितेच्या माणसाला चाकांवर! त्या दगडी फरसबंदीवरून गाडा असा खडखडत होता की पाद्रीबाबांचं बोलणं ऐकू येईना. रीतीप्रमाणे ऑगुस्तची उशी त्याच्या डोक्याखाली ठेवली होती तेवढीच, जी त्याच्या बायकोनं शिवली होती आणि जी बांधून त्यानं आयुष्यात एकदाच खांदा दिला, तोही सफरचंदांना. बाबा गाड्यामागून चालले. घरी आल्यावर त्यांनी पट्टा काढून खुर्चीवर ठेवला, खुंटीला लावला नाही, आणि त्या दिवसापासून ते बाहेर पडले नाहीत.

आता हे ऐक आणि हवं तर मला शिव्या दे. त्या प्रसंगाचं कुणीतरी चित्रण केलं होतं, ते एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पसरलं. आता पाहुणे प्रार्थनाघरात येतात आणि विचारतात, “ती सफरचंदं पडली ती जागा कुठली?” मी सांगते, मला माहीत नाही. एकानं मला सुचवलं की तिथे एक पाटी लावा. मी त्याला बाहेर काढून दार लावून घेतलं, तिकिटासकट. बेरांजेर मात्र दर रविवारी घरी येते, बाबांना वाचून दाखवते. पहिल्यांदा आली तेव्हा दारातच रडायला लागली. बाबा म्हणाले, “रडू नकोस. तू रिकामी म्हणत होतीस, भरली मी.”

तेवढं एक वाक्य बोलले, बस. पूर्ण ऑक्टोबर ते भिंतीकडे बघत होते. मग सर्व संतांच्या दिवशी मी आईच्या थडग्यावर शेवंती ठेवून आले, तर त्यांनी आपणहून विचारलं, “लोराँच्या वेळी थिएरी काय म्हणाला होता मला?”

बत्तीस वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. आईच्या वेळी तू दफनभूमीच्या फाटकाशी उभा राहिलास आणि तिथूनच गेलास, तेव्हाही नाही. मला वाटलं त्यांना खरंच आठवत नाही, म्हणून मी सांगितलं. तुला ते पुन्हा वाचायला लावते आहे त्याबद्दल माफ कर. लोराँ तुझा जिवाचा मित्र, मोटरसायकलवरून गेलेला, तू वीस वर्षांचा, आणि शारितेतलं तुझं पहिलंच वर्ष. बाबांनी तुला पेटीच्या उजव्या बाजूला उभं केलं, म्हणजे भार डाव्या खांद्यावर. तू म्हणालास, “बाबा, डावा नको, तो झाडावरून पडलो तेव्हा मोडलेला आहे.” आणि बाबा म्हणाले होते, “लोराँला काही दुखत नाहीये, तर तुला कसलं दुखतं?” चर्चच्या पायऱ्यांवर तुझा खांदा सुटला. पेटीचा कोपरा दगडावर आपटला. लोराँची आई ओरडली, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आणि बाबा सगळ्या गावासमोर तुला म्हणाले, “तू खांदेकरी नाहीस, हमाल आहेस.” तू पट्टा काढून पायरीवर ठेवलास आणि संध्याकाळच्या बसनं गेलास.

मी हे सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, “मला माहीत होतं एलियान. हाड कुठलं मोडलंय ते मी विसरलो नव्हतो. पण तो उंच, त्याला डावीकडे घेतला असता तर ओळ वाकडी दिसली असती. लोक बघत होते.” आणि पुढे म्हणाले, “मेलेल्याचं काय, त्याला काहीच होत नाही. जे व्हायचं ते उचलणाऱ्याला होतं. एवढं कळायला मला ऑगुस्त लागला. गाढव आहे मी.”

थिएरी, मी तुला ‘त्यांना माफ कर’ असं म्हणत नाही. मी तरी कुठे केलंय? तू गेल्यावर त्यांच्या तोंडाला तोंड देत घरात राहिले ती मी. तुझा राग तुझ्यापाशी ठेव, तो तू कमावलेला आहेस. पण ते मरायला टेकलेत आणि त्यांना चाकांवर जायचं नाही, आणि मी त्यांना शब्द दिलाय की नेणार नाही. चार खांदे लागतात. झिल्बेर आहे, बाकीच्यांना आता पेटी उचलवत नाही. बेरांजेरनं आपणहून विचारलं, मला घ्याल का? तिसरी मी. हो, मी. उरलेल्यांपैकी एकानं कुरकुर केली की नियमात ‘बंधू’ लिहिलंय, बायका कशा चालतील. बाबा पलंगावरून म्हणाले, “नियम प्लेगच्या वर्षी लिहिला. तेव्हा पुरुष उरले नव्हते त्या घरांतून प्रेतं कोणी बाहेर काढली असतील? घुबडांनी?” खोगीरभरती आहे सगळी, म्हातारा, लीलची पोर आणि गुडघेदुखीवाली बहीण. आम्ही मागच्या अंगणात शिडीवर पिठाची पोती ठेवून सराव करतो. पिठाची. सफरचंदं या घरात आता येत नाहीत. चौथ्या कोपऱ्याला आम्ही शिडी ओट्याला टेकवतो, त्यामुळे चालता येत नाही, नुसतं उभं राहता येतं.

मी बाबांना विचारलं, थिएरीला बोलावू का, भेटायला? त्यांनी मान हलवली. म्हणाले, “जिवंतपणी नको. मी काहीतरी बोलून बसेन आणि तो पुन्हा बस पकडेल. मेल्यावर बोलाव. तेव्हा मला बोलता यायचं नाही, म्हणजे आमचं जमेल.” आणि हसले. या वेळी मी स्वतः पाहिलं.

आता पुडकं उघड. आत तू पायरीवर ठेवलेला तुझा पट्टा असेल असं तुला वाटलं असणार. तो नाही, तो खुंटीवर आहे. आत एक उशी आहे, खांद्यावर बांधायची. ती मी शिवलेली नाही. बाबांनी शिवली, तीन आठवडे, पलंगावर बसून. शेवटच्या खोगिराचं चामडं, आत त्याच्यातलीच लोकर. सुईत दोरा मी ओवून द्यायची, टाके ते घालायचे. ज्या हातांचे टाके बघायला शर्यतीचे घोडेवाले लांबून येत, त्या हातांचे हे टाके आहेत. वेडेवाकडे झालेत, हसू नकोस. तिचे बंद डाव्या काखेखालून जातात. बांधून बघ, ती उजव्याच खांद्यावर बसते, दुसरीकडे बसतच नाही. शेवटचा टाका घालून झाल्यावर त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “त्याला डावीकडे ठेव, मागे. पुढे तू बुटकी, तो उंच. ओळ वाकडी दिसेल. दिसू दे.”

तुझीच,
एलियान